काडीचा मान

आईने टेपचं टोक फायरप्लेसच्या डाव्या कडेला अंगठ्याने दाबून धरलं आणि दुकानातून आलेला माणूस दुसरं टोक उजवीकडे ओढत गेला. मधल्या काळ्या पोकळीसमोर थोरला मुलगा हात पसरून उभा होता. जणू आत कुणी लपलंय आणि त्याला वाचवायची जबाबदारी याच्यावर आहे.

"जरा सरक," आई म्हणाली. "माप तुझं नाही घ्यायचं."

"आई, यावर आपण अजून नीट बोललेलो नाही."

"तू बोललास की. परवा फोनवर, काल जेवताना. मी ऐकलं."

दुकानातला माणूस कसलेला होता. कुठल्याही घरात भिंतीआधी तो माणसांचं माप घ्यायचा. कुणाकडे न बघता त्याने टीपॉयवर नव्या फायरप्लेसचा कॅटलॉग उघडला. भुशाच्या गोळ्यांवर चालणारी, गॅसची, धुराडं नको म्हणणारी स्पिरिटची, दोन खोल्यांतून दिसणारी आरपार काचेची, चित्रासारखी भिंतीवर टांगायची. आईने विजेच्या एकीवर बोट ठेवलं.

"काकू, यातली ज्योत नुसती दिसायला हं. ऊब खालच्या पंख्यातून येते."

"राख?"

"राख कसली यात?"

"मग हीच."

"खोटी आग!" थोरल्याचा आवाज चढला. "बाबांच्या घरात खोटी आग!"

बाबा जाऊन हा पहिलाच हिवाळा. ते होते तेव्हा थंडीत रोज संध्याकाळी ते बाहेरून यायचे, डावा गुडघा टेकून बसायचे, फळीवरच्या काडेपेटीतून एकच काडी काढायचे आणि ओढायचे. आग भप्पकन पेटायची. मुलं टाळ्या वाजवायची. मुलं लहान असताना गंमत म्हणून सुरू झालेलं हे पुढे घराचा नियम झालं. नवा जावईसुद्धा पहिल्याच थंडीत टाळ्या वाजवायला शिकला. दुसऱ्या काडीला हात लावावा लागला नाही, हे बाबा पाहुण्यांना आवर्जून सांगत. टाळ्यांत आई तेवढी नसायची. ती त्या वेळी आत नळाखाली हात धूत असायची.

धाकटी बहीण समेटाला पुढे झाली. दोन माणसांच्या भांडणात तिसराच माल पुढे करायची तिची जुनी हातोटी.

"आई, काचेच्या दाराची लाकडाची बसवू या ना. आग खरी, खोलीत धूर नाही. दादा पेटवायला येत जाईन म्हणतोय."

"येईल तो शनिवारी. थंडी सोमवारीही पडते."

"मी आत्ता पेटवून दाखवतो," थोरला म्हणाला. "मग यांना परत पाठव."

"पेटव."

एवढं बोलून आई जाऊन बाबांच्या खुर्चीत बसली. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. धाकटीने तिच्यावर शाल घालून ठेवली होती. आईने शाल काढून पायांवर घेतली.

"तुम्हीही बसा हो," ती दुकानातल्या माणसाला म्हणाली. "फार वेळ नाही लागायचा."

थोरल्याने फळीवरून काडेपेटी घेतली. डावा गुडघा टेकला, बाही मागे सारली. सगळं हुबेहूब. काडी ओढली आणि आत धरली.

आत काही नव्हतं. झाडून लख्ख केलेला दगड, त्यावर लोखंडी जाळी. काडी जळत बोटांपर्यंत आली.

"लाकडं कुठायत?"

"मागे, पत्र्याखाली."

त्याने चांगले मांडीएवढे दोन ओंडके उचलून आणले. काड्या ओंडक्यांना चाटून विझू लागल्या. धाकटीने वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. ते मात्र मोठ्या फुशारकीने पेटले आणि सगळा धूर वर जायचा सोडून खोलीत आला. धाकटी खोकत खिडकीकडे धावली. दुकानातल्या माणसाचा हात फायरप्लेसच्या कडेकडे उठला. त्याने आईकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

आई उठली. फायरप्लेसच्या कडेला, न बघता, तिने एक लोखंडी कडी खाली ओढली. धूर शहाण्यासारखा धुराड्यात वळला.

"हे काय होतं?"

"झडप."

"इथे झडप आहे?"

याच घरात तो लहानाचा मोठा झाला होता. ओंडके काळे होऊन गप्प पडले होते. धाकटीने कोपऱ्यातलं राखेचं फावडं उचललं, काय करायचं ते न कळून पुन्हा होतं तिथे टेकवलं.

"मग बाबा कसे पेटवायचे?" थोरल्याने विचारलं.

"काडीने," आई म्हणाली.

मग त्याने ओंडके बाहेर काढले, जमिनीवर पडलेलं टेपचं टोक उचललं आणि भिंतीला लावून धरलं. पांढऱ्या भिंतीवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"बोला," तो दुकानातल्या माणसाला म्हणाला. "कुठून घ्यायचं?"

नवी बसली त्या दिवशी दोघंही आली, जावईही आला. आई खुर्चीत होती, रिमोट तिच्या मांडीवर. तिने बटण दाबलं. काचेमागे ज्वाळा उठल्या. जरा जास्तच देखण्या, बुडाशी निळसर. खालून पंखा घुरघुरू लागला.

काय करायचं ते कुणाला सुचेना. आई आगीकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला घाई नव्हती.

पहिली टाळी थोरल्याची. मग धाकटीची, मग जावयाची.

टाळ्या संपेपर्यंत आई हलली नाही. मग तिने बटण दाबून आग विझवली. तिघं तिच्याकडे बघत राहिली.

तिने ती पुन्हा पेटवली.