कमळीबाईंच्या नडगीतून

मी हाडाला लावलेलं ठिगळ बोलतोय. उरलोय तेवढा.

तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत रुतिकामॅडमनी मला घडवलं. हाडाच्याच जातीची सिरॅमिक माती भाजून मला जाळीदार केलं आणि माशांच्या खवल्यांतून काढलेलं कोलॅजेन माझ्या भोकाभोकांत मुरवलं. "याने टिकायचं नाही," त्या सगळ्यांना बजावायच्या. "हाड भरत जाईल तसं विरघळायचं." जन्मतःच असं ऐकून कुणाला बरं वाटेल? मला तर रागच आला.

मग द्रोणागिरीजवळ एका ट्रेलरने स्कूटर उडवली. मागे बसलेल्या कमळीबाईंच्या नडगीचा चुरा झाला. स्कूटर चालवणारे त्यांचे यजमान रामचंद्र जागीच गेले. गावात त्यांची राख सावडली, त्याच दिवशी इकडे इस्पितळात मला बाईंच्या पायात बसवलं.

यजमान गेल्याचं बाईंना ऑपरेशनआधीच कळलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "भावना, काय घातलं माज्या पायान?"

भावनाने माझा उरलेला पांढरा तुकडा दाखवला. "हाड बसवलंय, आई."

"यांचं?"

भावनाला रडूच फुटलं. बाईंनी ते होकारच धरलं. सावडलेल्या अस्थींतली एक आपल्या पायात आली, असं त्या समजून बसल्या.

त्या स्वतः मात्र रडल्या नाहीत. दुपारी घर रिकामं झालं की नडगीवर हात ठेवून बोलायच्या. "अवो, पाय दुखतंय का तुमचा? आज बोंबील केलंय, तिकट कमी हाय." ऐकता ऐकता मला न पाहिलेला माणूस आठवायला लागला. त्याचा खोकला, त्याचं जेवताना चिडणं. खरं सांगतो, मी फार घाबरलो. माझ्या भोकांत बाईंचं हाड शिरत होतं की तो, तेच कळेना.

आज एक्स-रे बघून डॉक्टर खूश झाले. "आजी, आता सगळं तुमचंच हाड. तो तुकडा गेला."

"गेला?"

"विरघळला. काठी सोडा आता."

बाईंनी दोन्ही हातांनी नडगी आवळली. "अवो, मना सोरून चाललाव?" असा हंबरडा फोडला की बाहेरची रांग दाराशी आली. भावनाने त्यांना पोटाशी धरलं. "रडा आई, रडून घ्या."

माझे चार कण अजून आत आहेत. मी नुसती माती होतो, हे त्यांना कुणी सांगू नका. यजमान गेले तेव्हा त्यांना नवऱ्याचं शेवटचं तोंडही दिसलं नव्हतं. आज त्या आपल्या माणसाला पोचवून घरी निघाल्यात, स्वतःच्या पायांनी.