मेलवरचं आवतान

लेक पूर्वी हिच्या लग्नाचं आमंत्रण मेलवर टाकून मेघालीचं काय काय वाचणार होतं, ते आधी बघा. गोतावळा कामतघरपासून वज्रेश्वरीपर्यंत पसरलेला. घरोघर आवतान घेऊन फिरायचं म्हणजे प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी "बस गं जरा", आणि प्रत्येक घरी होणारा जावई काय करतो, घर किती मजली, गोडाऊन भाड्यानं दिलंय का, याची उलटतपासणी. आधी कुणाच्या दारात गेली, यावरचे रुसवे वेगळेच. एवढं सगळं एका बटणात टळत होतं. बाई हिशेबाला पक्की. तिनं बटण दाबलं.

बटण समाजाच्या ईमेल-गटाचं. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना पोचतं. आधी व्हॉट्सॲपचा गट होता, तो भांडणात गेला. मेल लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस थंड होतो, या समजुतीवर कुणालनं हा काढला. कुणाल एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. त्यानं नियमही लिहून दिले. नवा विषय असेल तर नवा मेल करा. मथळा असा द्या की न उघडता कळावं. एकाला सांगायचं ते सगळ्या गावाला नको. आणि उत्तर देताना जुन्या मेलचं शेपूट कापा. नियम सगळ्यांना आवडले. सगळ्यांनी सगळ्यांना 'छान नियम' असं कळवलं, शेपटासकट.

मेघालीच्या मेलचा मथळा होता, 'पूर्वीच्या लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण'. आमच्याकडे आवतान म्हणजे दारात आलेलं माणूस आणि हातावर ठेवलेल्या पिवळ्या अक्षता. पण मेलवर कुणी तसं बोललं नाही. भराभर अभिनंदनं आली, आणि मेघालीनं ती होकारात धरली.

लग्नाच्या आठवड्यात सीताबाई न्हाणीत घसरली आणि दवाखान्यात गेली. सीताबाई धवलारीण. लग्नाचे एकेक विधी चालतात तेव्हा त्यांचे धवले गाणारी बाई. मेघालीच्या सासूनं, आक्कानं, नातीच्या लग्नात एवढंच मागितलं होतं. डीजे सोसला, ड्रोनवाला सोसला, बुफेही सोसला. "भटजी म्हनतो ते देवासाठी," आक्का म्हणाली होती, "माझे पोरीसाठी कोन म्हनल? धवलं तोंडानं म्हनाया पाहिजे."

मेघालीनं ओळखीच्या धवलारणींना फोन केले. मुहूर्त एकच, सगळ्या आधीच बांधलेल्या. राहिला गट. आता नवा मेल लिहायचा तर पत्ता शोधा. तिनं जुनं आमंत्रण उघडलं, 'उत्तर द्या' दाबलं आणि लिहिलं: 'धवलारीण तातडीने हवी. कुणाच्या ओळखीत असल्यास आजच फोन करा.' मथळा आमंत्रणाचाच राहिला.

फोन एकही आला नाही. मेल मात्र कोसळले. 'अभिनंदन!' 'पूर्वीस अनेक आशीर्वाद, सहपरिवार.' भावेशनं विचारलं, 'पार्किंगची सोय काय?' त्यावर कुणी गेल्या हळदीत आपल्या गाडीला कुणी घासलं ते काढलं. घासणाऱ्यानं उत्तर दिलं, तेही सगळ्यांना. एकानं 'मला यादीतून काढा' लिहिलं, दुसऱ्यानं 'असं सगळ्यांना पाठवू नका' हे सगळ्यांना पाठवलं.

मेघालीनं कुणालला फोन लावला. "अरे, मी धवलारीण मागतेय आणि लोक मला पार्किंग विचारतायत!"

"ताई, मथळा बघ ना. निमंत्रण लिहिलंय. लोक मथळा बघूनच आशीर्वाद ठोकतात."

"उघडून वाचायला काय हात दुखतात?"

"तू नियम वाचले होतेस?"

"छान आहेत म्हणून कळवलं नव्हतं का मी!"

शेवटी तिनं नियमानं नवा मेल टाकला. मथळा, 'धवलारीण पाहिजे'. पण तोवर पार्किंगच्या माऱ्यानं लोक इतके विटले होते की गटाकडे कुणी बघेचना. उत्तर एकच आलं. 'अभिनंदन.'

लग्नात धवले मोबाइलवरून स्पीकरला लावले. तेल पाडण्याच्या विधीत मधेच जाहिरात लागली, सवलतीत फ्रिज. पोरं हसली. आक्का उठली, मांडवामागे आचाऱ्यांची भांडी घासत होते तिकडे जाऊन बसली, आणि नातीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तरी उठली नाही.

पुढच्या आठवड्यात अंबाडी नाक्यावर मेघालीला बाळाराम दिसला. नात्यानं चुलत सासरा.

"काका, लग्नाला आला नाहीत?"

"आवतान कुठं व्हतं?"

"मेलवर पाठवलं होतं की."

"मेलवर? मंग मेललाच जेवाया घालायचं व्हतं ना! असलं आवतान मी उघडत पन न्हाय. वरती निमंत्रण दिसलं, टाकलं कचऱ्यात. परत आलं, परत टाकलं."

"अहो, दुसऱ्या वेळी आत धवलारीण विचारली होती!"

बाळाराम हळू बोलला, "मंग वरती तसं लिवायचं ना, पोरी. मैना माझी सख्खी बहीन. उभ्या तालुक्यात तिचं धवलं. तिचं यजमान वारले तवापासून तिला कोन बोलवत न्हाय, लग्नाच्या रविवारी घरातच बसून व्हती. मानाचं मानूस म्हनून तरी दारात यायचं. आली असतीस तर मीच तिला गाडीत घालून आनली असती."

"मग नंतर मी तोच मथळा दिला होता, काका."

"तवर मी तुझ्या नावाचं समदंच बंद केलं व्हतं."

मेघालीला त्याचाही राग आला आणि स्वतःचाही. कुणाचा जास्त, ते तिला ठरवता येईना. घरी येऊन आक्काला सांगायचं धाडस तिला झालं नाही. अजून झालेलं नाही.

आता जमाखर्च. मेघालीची पायपीट वाचली. बाळारामाचा मान शाबूत राहिला. भावेशला गाडी लावायला मांडवासमोरच जागा मिळाली. कुणालच्या नियमांत एकाची भर पडली, त्यावरही 'छान' आलं. खर्च तेवढा आक्काच्या नावावर पडला, आणि मेल म्हणजे काय ते तिला अजून माहीत नाही.