सत्तेचाळीस नंबरचा माणूस

वर्लिनमामाने हातातलं बटण दाबलं, गाडी ‘टुंई’ करून ओरडली, आणि चर्चच्या अंगणात गप्पा मारत उभं असलेलं अख्खं वल्टावा गाव वळून आमच्याकडे बघायला लागलं.

वल्टावात गाडीला कुलूप लावणं म्हणजे जेवायला बसताना यजमानाचं ताट हुंगून बघण्यासारखं आहे. इथे लोक किल्ली गाडीतच ठेवतात, म्हणजे कुणाला हवी असेल तर त्याने शोधत बसू नये.

‘‘मामा,’’ मी ओठ न हलवता म्हणाले, ‘‘उघड ती.’’

मामाने घाबरून पुन्हा बटण दाबलं. चुकीचं. ‘टुंई टुंई.’ ज्या दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं, त्यांनाही आता आलं.

‘‘मी नाही गं लावलं,’’ मामा म्हणाला. ‘‘हाताने लावलं.’’

ज्या दिवशी हे व्हायला नको होतं, नेमका तो दिवस. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात दफनभूमी समितीची बैठक होती आणि मामा तिच्याकडे एक जागा मागायला आला होता. आजी-आजोबांच्या शेजारी, कुंपणाच्या बाजूला, एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे. मामाला तेवढीच हवी होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या तपासणीचा अहवाल बघितला आणि ‘बघू’ म्हणाले. मग पुन्हा बघितला आणि पुन्हा ‘बघू’ म्हणाले. यापुढचं मामाला सांगायला लागत नाही.

माझी आई ओमाहा शहरात, हमरस्त्याला लागून पुरलेली आहे. तिच्या एका बाजूला अनोळखी दंतवैद्य आहे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे गाड्या धुण्याचं दुकान. बहिणीच्या अंत्यविधीत प्रार्थना चालू असताना पलीकडून फवाऱ्याचा आवाज येत होता, तो मामाने ऐकला होता. तेव्हाच त्याने ठरवलं असावं.

समितीचा नियम साधा होता. जागा गावात राहणाऱ्याला किंवा ‘गावचाच राहिलेल्याला’. मामा चाळीस वर्षं ओमाहात होता. पण त्याच्याकडे पुरावा होता, आणि तो गाडीच्या पुढे-मागे स्क्रूने बसवलेला होता.

आमच्या नेब्रास्कात गाडीच्या पाटीवर आधी जिल्ह्याचा आकडा येतो. माणसाचं नाव नंतर विचारतात, विचारलंच तर. ओमाहाच्या पाटीवर मात्र आकडा नसतो, नुसती अक्षरं. ती अक्षरं दिसली की कळतं, आतल्या माणसाला मका आणि ज्वारी यांतला फरक कळत नाही, आणि तो आत्ता गाडी थांबवून गाईचा फोटो काढणार आहे. मामाने त्याची मागे उघडा हौदा असलेली गाडी कायम थोरल्या भावाच्या, डेल्मरमामाच्या शेताच्या पत्त्यावर ठेवली. पाटी सत्तेचाळीस नंबरची, म्हणजे वल्टावाच्या जिल्ह्याची. ओमाहात सिग्नलला पोरं काच खाली करून विचारायची, ‘‘आजोबा, ट्रॅक्टर कुठे लावला?’’ मामा खूश व्हायचा. कामावर त्याला सगळे ‘मका’ म्हणायचे. त्यानेही तो खूश व्हायचा. अपमानावर इतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी विमा कंपनीत लोकांना ‘नाही’ सांगायच्या कामावर आहे.

मामाचं काम काय, तर वाळवंट सांभाळणं. ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या मोठ्या घुमटाखाली एक वाळवंट केलेलं आहे. त्यात लाल वाळूची एक टेकडी आहे. दिवसभर शहरातली पोरं तिच्यावरून घसरतात आणि वाळू खाली येते. लोक गेले की मामा ती फावड्याने परत वर नेतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली येते. वल्टावात हे कुणाला सांगून पटत नाही. तिथे तीन वर्षं धड पाऊस नाही. लोक म्हणतात, ओमाहावाल्यांनी आमचं पाणी नेलं, पोरं नेली, किराणा दुकान नेलं, आणि आता वाळवंटही तिकडेच? ते तर आमच्याकडे फुकट होतं.

ओमाहावाले याला उत्तर देत नाहीत, कारण त्यांनी वल्टावाचं नाव ऐकलेलं नाही. ते शरद ऋतूत तिकीट काढून मक्याच्या शेतात वाट चुकायला जातात आणि सापडले की टाळ्या वाजवतात. दोन्हीकडच्या लोकांत एकच गोष्ट सारखी आहे: शनिवारी सगळे लाल सदरे घालून विद्यापीठाचा, हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल बघतात, आणि रविवारी प्रशिक्षकाला शिव्या देतात. त्या रविवारी तर दोन्हीकडे सुतक होतं. मोसमातला पहिलाच सामना हरलो होतो.

तळघरात शिजलेल्या कॉफीचा वास होता. टेबलापलीकडे समिती बसली होती. मधे अध्यक्षा लव्हॉन स्वोबोडा, मामाच्या शाळेतली. हिच्या हाताखालून गेल्याशिवाय वल्टावात कुणाला जमिनीखाली जाता येत नाही, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. डावीकडे मायलो, ज्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ऐकायचं नसतं. उजवीकडे खुद्द डेल्मरमामा, कॉफीच्या कपात अशी नजर लावून की आत कुणीतरी बुडतंय.

‘‘बस, वर्लिन,’’ लव्हॉन म्हणाली. ‘‘ही कोण?’’

‘‘भाची. मार्नी.’’

‘‘ओमाहावाली,’’ लव्हॉनने मला एका शब्दात निकालात काढलं आणि कोलाचचं, म्हणजे आत सारण भरलेल्या गोड पावांचं, ताट पुढे सरकवलं. खसखशीचे संपले होते. वाळलेल्या आलुबुखाराचे उरले होते, ते कुणालाच नको असतात. ‘‘खा. तुमच्याकडे हे महागड्या कपड्यांच्या दुकानात मिळत असतील.’’

‘‘मिळतात,’’ मी म्हणाले. ‘‘मेणबत्त्यांच्या शेजारी.’’

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग मामाकडे वळली.

‘‘चिलीबरोबर काय खातोस?’’

‘‘दालचिनीचा रोल,’’ मामा ताठ बसून म्हणाला.

‘‘वेगळा? का बुडवून?’’

‘‘बुडवून.’’

मायलोने मान हलवली. शाळेत ज्यांना चिलीच्या, म्हणजे तिखट घेवड्याच्या, वाटीशेजारी गोड पाव वाढला गेला आणि ज्यांनी कारण विचारलं नाही, ती आमची माणसं. एवढं सोपं होतं.

‘‘समोरून गाडी आली तर?’’

मामाने काल्पनिक स्टिअरिंग धरलं आणि ओळख द्यायला पंजा न उचलता फक्त तर्जनी वर केली. सुंदर केली. अगदी आवश्यक तेवढी.

‘‘हे येतं त्याला,’’ लव्हॉन समितीला म्हणाली, जणू मामा विकायला आणलेला बैल आहे. ‘‘मग मला सांग, वर्लिन, गाडीला कुलूप का लावलंस?’’

मामाने खिशातलं बटण चाचपलं.

‘‘सवय,’’ मामा म्हणाला.

‘‘कुणापासून? माझ्यापासून? मायलोपासून? मायलोला जिना चढवत नाही.’’

‘‘कुणापासून नाही गं. तिकडे लावावं लागतं.’’

‘‘तेच म्हणतेय मी. तू तिकडचा झालास.’’

‘‘मी तिकडे राहायला नव्हतो गेलो, लव्हॉन.’’

‘‘चाळीस वर्षं?’’

‘‘काम लांबलं.’’

‘‘काय काम?’’

‘‘वाळू खाली येते,’’ मामा म्हणाला. ‘‘वर न्यावी लागते.’’

मायलो खोकला. लव्हॉनने हाताची घडी घातली.

‘‘हे बघ, मला तुझ्याबद्दल वाईट म्हणायचं नाही. पण पडून राहणं म्हणजे कायमचं पडून राहणं. तुझी आई इथे इतकी वर्षं दार उघडं ठेवून झोपलीय. शेजारी एक जण कुलूप लावून झोपला, तर तिला काय वाटेल? बाकीच्यांना काय वाटेल? उद्या तेही लावायला लागतील.’’

मी विम्यात काम करते म्हणून सांगते, नकाराला असं कारण आमच्या कायदा विभागाला वर्षभर बसवलं तरी सुचलं नसतं.

‘‘पण पाटी सत्तेचाळीसची आहे,’’ मामा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. ‘‘कधीच बदलली नाही. तिकडे लोक हसतात, तरी नाही.’’

‘‘पाटी डेल्मरच्या शेताची आहे. तू कुठला आहेस ते विचारतोय आम्ही. हात वर करा, कुणाची हरकत नाही?’’

मायलोचा हात वर गेला. मामाचा चेहरा उजळला. मायलोने तो हात कॉफीच्या किटलीपर्यंत नेला आणि कप भरून घेतला.

मग डेल्मरमामाचा हात टेबलावरून उठला. हळू उठला, खांद्यापर्यंत आला, आम्ही सगळ्यांनी बघितला. लव्हॉननेही बघितला. हात तसाच वर गेला, टोपी जराशी सरळ केली, आणि खाली आला.

‘‘झालं तर,’’ लव्हॉन म्हणाली. ‘‘कोलाच घेऊन जा. उरलेत.’’

बाहेर अंगणात उन्हं चढली होती. सप्टेंबरात वल्टावात एक प्रकार चालतो. प्रत्येकाच्या बागेत काकडीसारखी दिसणारी झुकिनी इतकी येते की घरची माणसं तिचा तिरस्कार करायला लागतात, म्हणून प्रार्थना चालू असताना लोक गुपचूप बाहेर येऊन दुसऱ्यांच्या गाड्यांत ती ठेवून जातात. आता अंगणातल्या सगळ्या गाड्यांच्या आसनांवर हिरव्या झुकिन्या बसलेल्या होत्या. काही ठिकाणी तर पोरांना बसायला जागा राहिली नव्हती, आणि आया ओरडत होत्या. आमच्या गाडीच्या आसनांवर काहीच नव्हतं. कुलूप होतं.

डेल्मरमामा मागून आला. दोघं भाऊ गाडीला टेकून एकाच दिशेला बघत उभे राहिले.

‘‘काल काय खेळले रे ते,’’ डेल्मरमामा म्हणाला.

‘‘हो ना.’’

‘‘तिसऱ्या डावात चेंडू हातात होता.’’

‘‘हातात होता आणि सोडला,’’ वर्लिनमामा म्हणाला.

डेल्मरमामाने टोपी काढून पुन्हा घातली. ‘‘मला इथेच राहायचंय रे,’’ तो म्हणाला. ‘‘माझा मका कापायला यंत्र लव्हॉनच्या पोराचंच येतं.’’

‘‘माहितीय.’’

‘‘सावकाश जा.’’

निघताना मामाने कुलूप उघडलं. टुंई. कुणी वळून बघितलं नाही. आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

खडीच्या रस्त्यावर समोरून गाड्या येत होत्या. आमची पाटी बघून प्रत्येक जण एक बोट उचलत होता, आणि मामाही प्रत्येकाला उचलत होता. त्यांना तळघरातला निकाल अजून कळला नव्हता. मागे, उघड्या हौद्यात, वळणावर काहीतरी गडगडत होतं.

‘‘काय आहे ते?’’ मी विचारलं.

‘‘जुनं चाक असेल,’’ मामा म्हणाला.

ओमाहाची हद्द लागली तरी त्याचं बोट थांबेना. सिग्नलला तो एका चकचकीत मोटारीतल्या माणसालाही बोट उचलून मोकळा झाला. त्या माणसाने लगेच उत्तर दिलं, फक्त दुसऱ्या बोटाने.

‘‘बघ,’’ मामा म्हणाला, ‘‘इथेही शिकायला लागलेत.’’

तो विनोद करतोय की नाही, हे मला कळलं नाही. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं.

तो घरी न जाता थेट प्राणिसंग्रहालयात गेला. रविवारी वाळू सगळ्यात जास्त उतरते. माणसं निघून गेली होती, पिंजऱ्यांतली माकडं आमच्याकडे आमच्याच कंपनीतल्या साहेबांसारखी बघत होती. मामाने मागे जाऊन बघितलं. तिथे चाक नव्हतं. झुकिनी होती. तान्ह्या बाळाएवढी, साल लाकडासारखी झालेली, मानेत वाकडी.

‘‘डेल्मरची आहे,’’ मामा म्हणाला.

‘‘कशावरून?’’

‘‘तो कधीच वेळेवर तोडत नाही.’’

त्याने ती दोन्ही हातांनी उचलून कुशीत घेतली. दारावरचा पहारेकरी हसला. ‘‘काय रे मक्या, काय आणलंस?’’

‘‘नातेवाईक,’’ मामा म्हणाला आणि आत गेला.

घुमटाखाली अजून उजेड होता. टेकडीच्या मागच्या अंगाला, जिथे पोरांना जाऊ देत नाहीत, तिथे मामाने झुकिनी खाली ठेवली आणि फावडं घेतलं. वाळू मऊ होती. तिला चाळीस वर्षं त्याचीच सवय होती. तो न थांबता खणत राहिला. खड्डा झुकिनीला हवा त्यापेक्षा बराच लांब झाला, एक माणूस मावेल एवढा.  

मग त्याने तिला आत ठेवली, एका टोकाला, आणि उरलेली जागा तशीच भरून टाकली. वरून दाताळं फिरवलं. इथे काही झालं होतं असं कुणाला वाटलं नसतं. त्यानंतर तो पुढच्या बाजूला गेला आणि खाली आलेली वाळू वर न्यायला लागला. मी शहरातलीच असल्यामुळे तिथल्या खोट्या दगडावर बसून फोन बघत राहिले.

काम संपवून आम्ही बाहेर आलो. मामाने हात खिशात घातला, बटण काढलं, आणि मग गाडीकडे बघून परत खिशात टाकलं. गाडी उघडीच होती. आत जाताना त्याने कुलूप लावलंच नव्हतं. त्याने दार उघडून आत वाकून बघितलं, आधी पुढच्या आसनावर, मग मागच्या.

कुणी काही नेलं नव्हतं. कुणी काही ठेवलंही नव्हतं.