आणखी हळू

कुंदनच्या बोटांतली ताकद जात चालली होती. चोपड्याच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये वीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस, पण आता शर्टाच्या गुंड्याही त्याची बायको मोहिनी लावून द्यायची. नसांचा आजार आहे, उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा त्याचा मित्र हितेंद्र हे ऐकून सुन्न झाला. त्याला त्यांचा जुना गेम आठवला. पंच्याण्णव साली शालिग्राम सर जेवायला गेले की दोघं त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गाडीचा गेम खेळायचे. समोरून येणारे ट्रक चुकवायचे, एवढंच. कुंदनला कोणी हरवू शकत नसे.

सरांच्या माळ्यावर क्लासमधलं ते मशीन अजून होतं. आतली बॅटरी गळून मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेलेल्या. हितेंद्रने महिनाभर बसून एकेक रेष बारीक तारेने जोडली. अकरा फ्लॉप्यांपैकी एकच चालली. नशिबाने गेम तिच्यातच होता.

कुंदनच्या घरी मशीन लावलं. पहिला ट्रक गाडीवर आदळला. दुसराही. बोट की-बोर्डवर पोचायच्या आत सगळं संपायचं.

"थांब," हितेंद्र म्हणाला. जुने गेम मशीनच्या वेगाने पळतात आणि पुढचं टर्बो बटण दाबलं की तो वेग उतरतो. त्याने ते दाबलं. ट्रक रेंगाळत येऊ लागले. कुंदनने सात चुकवले आणि हसला. मोहिनी दारात उभी राहून बघत राहिली.

मग हितेंद्र दर रविवारी जाऊ लागला. साताचे चार झाले, चाराचा एक. दिवाळीनंतर कुंदनचं बोट कीवर टेकलं, पण की दबली नाही.

"आजून हळू नही व्हस का, भाऊ?"

हितेंद्रने मशीन उघडून आतल्या वेग ठरवणाऱ्या पिना बदलून पाहिल्या. "नही व्हस. इतलंच व्हस."

"मंग तू खेळ. मी सांगस."

हितेंद्र खेळायला बसला. पण कुंदनची जीभही जड झाली होती. 'डावा' म्हणेपर्यंत ट्रक आदळे. हितेंद्रला ट्रक आधीच दिसे, तरी तो कुंदनच्या शब्दासाठी थांबून राही.

चौथ्यांदा आदळल्यावर कुंदन म्हणाला, "तुले दिसस ना ट्रक? मंग वळाव ना."

हितेंद्र गाडी वळवू लागला. कुंदन आता 'डावा' न म्हणता नुसते ट्रक बघू लागला.