पहिलटकरणीची दुसरी खेप

नात्यातली बाई बाळंतपणाला आली की तिची ड्यूटी दुसऱ्या नर्सने घ्यायची, असा आमच्या इस्पितळाचा नियम आहे. नियम चांगला आहे. फक्त तो पाळायला माणसं लागतात, आणि माणसांची आमच्याकडे कायमची बोंब. त्यामुळे माझी भावजय कळा देत आली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "आज तूच बघ बाई, माझ्याकडे हात नाहीत." मी कुरकुर केली आणि हातमोजे चढवले. तेव्हाच अडून बसायला हवं होतं.

कागदावर सगळं सरळ होतं. पहिलटकरीण, रक्तगट निगेटिव्ह. मी तिच्या पोटाला पट्टा बांधत असताना तिने माझं मनगट धरलं.

"तुम्हाला ताई म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगते."

"बोल."

"हे पहिलं नाही. लग्नाच्या आधी एक झालंय. दत्तक दिलं. तेव्हा माझ्या रक्तगटाच्या बायकांना नंतर देतात ते इंजेक्शन मला कुणी दिलं नाही. मग पुढच्या बाळाला त्रास होतो म्हणे. खरंय का?"

माझे हात पट्टा बांधतच राहिले. हात शहाणे असतात. "होऊ शकतो," मी म्हटलं. "डॉक्टरांना सांगावं लागेल."

"डॉक्टरांना सांगा. ह्यांना नको. आईंना तर नकोच नको."

"नाही सांगणार."

म्हणून गेले खरी, पण 'हे' म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि 'आई' म्हणजे माझी आई. ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं, तो बाहेरच्या बाकावर बसून दर थोड्या वेळाने मला हाका मारत होता. मी त्याच्या समोरून जाताना उगाच हातातल्या ट्रेकडे बघायची. पेशंटने सांगितलेलं बाहेर काढलं तर नोकरी जाते, नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाऊ शकतं, हे मला पाठ आहे. पण मी काही त्या भीतीने गप्प नव्हते. तिने विश्वास टाकला होता आणि तो मला फार जड झाला होता.

डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी केसपेपरवर 'दुसरी खेप' लिहिलं, आणि ते बरंच झालं. मुलगी झाली, रडली, सगळ्यांनी नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळी दिसायला लागली. बाळांचे डॉक्टर तयारीतच होते. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि वेळ पडली तर बाळाचं रक्त बदलायला दुसरं रक्त तयार ठेवा म्हणाले. रक्तपेढीत ते सांगायला मी गेले. तिथे रांग होती, आणि घड्याळाकडे नजर गेली. ड्यूटीची पाळी बदलायची वेळ झाली होती.

आमच्याकडे पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला खाटेखाटेपाशी उभं राहून पेशंटची हकिगत मोठ्याने सांगते. मोठ्याने का, तर चूक होऊ नये म्हणून. नातेवाईक ती बातम्यांसारखी कान देऊन ऐकतात. दाराजवळच्या बाईला मूळव्याध आहे, हे खिडकीजवळच्या मावशींना माहीत असतं. आणि त्या दिवशी सांगणार होती ती आमची भोंगा. कामाला वाघीण, पण कानात कुजबुजली तरी जिन्यात ऐकू येतं.

मी धावले. जिन्यात दोन पायऱ्या एकदम चढले, एका वॉर्डबॉयला धडकले, त्याच्या शिव्या मागेच राहिल्या. दारातून शिरले तर भोंगा भावजयीच्या खाटेशी पोहोचली होती. स्टुलावर आई बसली होती, मांडीवर टॉवेलांची घडी घेऊन.

"नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, बाळ दिव्याखाली," भोंगा सांगत होती, "पेशंट निगेटिव्ह, दुसरी खे—"

"गप्प बस!" मी ओरडले.

अख्खा वॉर्ड वळला. एक बाळ दचकून रडायला लागलं. भोंग्याला काय चुकलं ते लगेच कळलं, तिने जीभ चावली. पण घोडचूक माझी होती. मी ओरडले नसते तर आईने अर्ध्या शब्दाकडे लक्षही दिलं नसतं. आता ती टॉवेल खाली ठेवून उठली होती. भावजयीचे डोळे मिटलेले होते. झोपली होती की नाही, कुणास ठाऊक.

आईने मला कोपराला धरून बाहेर नेलं.

"पलीकडच्या खाटेवरची बाई सकाळीच म्हणत होती, निगेटिव्ह रक्ताच्या बाईच्या बाळाला हे पहिल्या खेपेला सहसा होत नाही. मी म्हटलं, असेल बाई. आता तू का ओरडलीस?"

"आई, पेशंटबद्दल मी बोलत नाही."

"पेशंट? माझी सून आहे ती."

"इथे पेशंट आहे."

"एकच सांग. हो की नाही?"

'नाही' म्हणायला काय जात होतं? पहिल्या खेपेलाही होतं कधीकधी, असं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. शब्द अगदी ओठावर आला होता. पण ती मला लहानपणापासून ओळखते. मी थाप मारायला लागले की माझे कान लाल होतात असं तीच सांगत आलीय. मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत उभी राहिले. राग येत होता, तिचा, भोंग्याचा, मेट्रनचा आणि सगळ्यात जास्त माझा.

"बरं," आई म्हणाली. एवढंच. तिला उत्तर मिळालं होतं आणि मी तोंडही उघडलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटा औषधांची पिशवी घेऊन आला. आमचे चेहरे बघून तो जागीच थबकला. "काय झालं? बाळ बरंय ना?"

आईने पिशवी त्याच्या हातातून घेतली.

"पिवळं पडलंय जरा. होतं असं पहिल्या वेळी," ती म्हणाली. "तू जा, खाऊन ये काहीतरी."

आई मुलाशी इतक्या सहज खोटं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. तिने हे दयेने केलं की पुढे सुनेवर धाक ठेवायला, काही कळेना. मी तिच्याआधी आत शिरले. निदान भावजयीला माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

ती झोपलेली नव्हतीच. "तुम्ही कुणाला सांगितलं नाही ना?"

"नाही." तिचा चेहरा सैल पडला, आणि मला पुढचं बोलणं भाग होतं. "पण आईला कळलंय. माझ्यामुळेच."

ती पांढरीफटक पडली. काही बोलणार, तोवर आई आली. तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला, स्टूल पुढे सरकवलं आणि टॉवेल पुन्हा मांडीवर घेतले. भावजयीने माझा हात धरला, तो सोडेना. आई बराच वेळ टॉवेलाचा काठ सरळ करत राहिली.

"दूध उतरलं का गं?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"मागच्या वेळी कधी उतरलं होतं?"

भावजयीची नखं माझ्या तळव्यात रुतली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण यात मी काय सांगणार होते?

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "प्यायला कुणी नव्हतं."