पाणी किती घालता

मुकनं रुमालाची गाठ सोडून सडलेली स्ट्रॉबेरी दुकानाच्या काउंटरवर ठेवली. फळावर राखाडी बुरशी चढली होती, मांजराच्या पिलाच्या लवीसारखी मऊ.

दुकानदार लुंग हेंगनं चष्मा कपाळावर सरकवला. फळाकडे न बघता तो मुकच्या खांद्यावर निजलेल्या बाळाकडे वाकला.

"बाप रे! केवढं कुरूप पोर!"

मुक खुलली. बाळंतपणानंतर आज ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, आणि भेटलेलं पहिलंच माणूस शहाण्यासारखं बोललं होतं. बाळाला सुंदर म्हटलं की एखादं भूत ऐकतं आणि उचलून नेतं.

"बापावर गेलंय," शेजारी उभी असलेली पी-दाव म्हणाली. "आवाज तेवढा आईचा. सगळी गल्ली जागी ठेवतं."

पी-दाव काही तिची सख्खी बहीण नव्हे, पण थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मुक तिला 'पी' म्हणे, जसं दुकानदाराला 'लुंग', म्हणजे काका. पी-दावच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बुजवून, दिव्यांच्या उजेडात, मांडण्यांवर दोघींनी ही स्ट्रॉबेरी लावली होती. खोली पी-दावची, हात मुकचे. एकेक धुमारा मातीकडे वाकवून मुकनं केसांच्या आकड्यानं टाचून ठेवला होता. तो रुजेपर्यंत रोज त्याच्याशी दोन शब्द बोलली होती. पुढे पोट वाढलं तसा जिना बंद झाला. मग बाळ झालं, आणि आईनं तिला रीतीप्रमाणे विस्तवाशेजारी निजवलं. केस धुवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही. पी-दाव दर आठवड्याला फळांचा डबा घेऊन यायची. निखाऱ्यांना वारा घालत बसायची.

"झाडं कशी आहेत, पी?"

"सुंदर. फार सुंदर."

कालच्या डब्याच्या तळाशी हे फळ निघालं. खोलीतली ओल वाढलीय, मशीन आणायलाच हवं, म्हणून मुकनं हट्ट धरला होता. पी-दाव आढेवेढे घेतच आली होती.

"ओल ओढणारं मशीन ना? हे बघा." लुंग हेंगनं दोन डीह्युमिडिफायर पुढे ओढले. एक गुडघ्याएवढं, दुसरं कपाटासारखं.

"खोली लांबीला—" मुक सांगू लागली.

"खोलीचं माप राहू द्या. झाडांना रोज पाणी किती घालता ते सांगा. मुळाशी ओताल ते पानांतून हवेत येणार. तेवढं ओढणारं मशीन लागतं."

"दोन पिंपं," मुक म्हणाली.

"अर्धं पिंप," पी-दाव म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. लुंग हेंग हसला. "आधी घरी भांडून यायचं ना! दोन असतील तर हे थोरलं. अर्धं असेल तर ते धाकटं पुरे. उगाच मोठं नेलंत तर पानांचे पापड होतील."

"मोठं नकोच. पानं करपतील." पी-दाव घाईनं म्हणाली, आणि मग तिची मान हळूहळू खाली गेली.

बाळाच्या पाठीवर थोपटणारा मुकचा हात थांबला.

"अर्ध्या पिंपात किती मांडण्या भिजतात, पी?"

पी-दाव धाकट्या मशीनच्या जाळीवरची धूळ बोटानं काढू लागली.

"मेली का झाडं?"

"मेली असती तर सांगितलं नसतं का?"

"मग?"

"सोंगख्लाला आहेत. धाकट्या भावाच्या हॉटेलात. त्यानं मला खोली करून दिलीय, पाहुण्यांना फळं लागतात त्याच्या. जोमदार होती तेवढी नेली."

"कधी?"

"तुला आठवा महिना होता तेव्हा."

मुकनं फळावर रुमाल पुन्हा गुंडाळला. घडी बसेना, म्हणून परत उघडला.

"अगं, तू विस्तवापाशी पडलेली," पी-दावचा आवाज चढला. "रोज तीन मजले कोण चढत होतं? मी. एकटी. आता पदरात हे पोर. तुला झेपलं असतं का? आणि डबा चुकवला का मी एकदा तरी? तुझ्याच झाडांची फळं खात होतीस."

"विचारायचं होतंस."

लुंग हेंगनं धाकट्या मशीनचं बटण दाबलं. ते घुरघुरलं आणि मुकच्या पोटऱ्यांवर कोरडा, ऊन वारा आला. थेट त्या विस्तवासारखा. बाळानं झोपेत पाय आखडले. त्याला पी-दाव येता-जाता कुरूपच म्हणायची, गालाला हात लावून कुरूप म्हणायची. ज्याच्यावर जीव होता ते सगळं तिच्या तोंडी कुरूपच असे. पूर्वी झाडंसुद्धा. आणि त्या सगळ्या आठवड्यांत ती झाडांना सुंदर म्हणत होती, निखाऱ्यांकडे बघत.

"धाकटंच द्या, लुंग," मुक म्हणाली.

"बरं. नळी जोडून देऊ की बादली? नळी लावली की पाणी परस्पर मोरीत जातं."

"नळीच द्या," पी-दाव म्हणाली. "ताप नको."

"बादली," मुक म्हणाली.

"रोज वर चढून ती ओतणार कोण?"

"मी. खोलीची किल्लीही माझ्यापाशीच राहील."

लुंग हेंगनं मशीन बंद केलं आणि खालची बादली ओढून मुकच्या हातात दिली, तडा वगैरे नाही ना ते बघायला. एका हातात बाळ, दुसऱ्यात बादली. पी-दावनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले, बाळ घ्यायला. ते हात मुकच्या ओळखीचे होते. वारा घालून घालून एका मनगटाशी भाजल्याचा डाग राहिला होता.

मुकनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्या हातांत रिकामी बादली ठेवली.