माझ्या पोटातला कृष्णवड

मी एक जुना रॉकेलचा डबा आहे. चौकोनी, पत्र्याचा. आता मला धड बूड नाही आणि एक बाजूही फाटली आहे. तरी मित्रांनो, सावद्याच्या आसपास माझ्याएवढा मान मिळालेला डबा दुसरा नसेल. माझी एकदा पूजा झाली आहे.

जीवरामनानांनी मला दुकानातून रिकामा आणला, वरचा पत्रा कापला आणि आडवा लाकडी दांडा ठोकला. तीन वर्षे मी विहिरीचे पाणी भरले. नानांच्या पत्नी कुंदाबाई शेजारणींना सांगत, "माठ फुटतो, डबा फुटत नाही." पुढे माझा कोपऱ्याचा जोड सुटला, मी गळू लागलो आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्यामागे जाऊन पडलो.

१९५२ साली नानांची थोरली बहीण भागाबाई जळगावला शेतकी प्रदर्शन पाहायला गेली. ती विधवा होती, भावाकडेच राहत होती. सगळे तिला अक्का म्हणत. बाकीच्या बाया बांगड्या घेऊन आल्या, अक्का ओल्या फडक्यात गुंडाळलेले वीतभर रोप घेऊन आली. तो कृष्णवड होता. त्याचे पान देठाशी वळून वाटीसारखे होते. असे झाड आमच्याकडे कोणी पाहिले नव्हते.

अक्काने मला उचलून आणले, माती भरली आणि रोप माझ्या पोटात लावले. म्हणाली, "चार दिवस राहू दे यात. मंग बागेत लावू."

ते चार दिवस तीन वर्षे चालले.

बाग म्हणजे घरामागे दोन लिंबे, एक शेवगा, थोडी मिरची. नाना म्हणाले, "अक्का, हा वड आहे. वड काय परसात लावतात? मुळ्या विहिरीत जातील. अन् एकदा लावला का तोडता येत नाही. वड कोन तोडतं?"

"वीतभर त आहे."

"मोठा होईल ना!"

"तू बी वीतभरच होता. तुले घरात ठेवलंच ना?"

शेजारचे तोताराम कुंपणावरून ओरडले, "नाना, पारंब्या माझ्या कौलांवर येतील!"

"कधी येतील?"

"पन्नास वर्षांनी."

"तवा पाहू."

"तवा मी नसेन. म्हणून आताच सांगून ठेवतो."

मग माझी फिरती सुरू झाली. विहिरीजवळ ठेवले, तिथून काढले. गोठ्याजवळ ठेवले, तिथे वासराने तीन वाट्या खाल्ल्या. शेवटी कपडे धुण्याच्या दगडाशी आलो. नाना पावलांनी जागा मोजत आणि जेवायला जात.

अक्काने साठी ओलांडली होती. ती एकदा म्हणाली, "मले माझ्या हातचं एक झाड लावाचं आहे, जीवराम. दुसरं काही मागत नाही मी." तिकडे माझ्या पोटात मुळ्या वेटोळी घेऊ लागल्या होत्या. रोप जमिनीत लावायचे तर मला फाडावे लागणार, आणि न लावावे तर ते माझ्यातच वाळणार. खरे सांगतो मित्रांनो, मला नानांचेच म्हणणे पटत होते.

१९५५ च्या उन्हाळ्यात नानांनी ठरवले, की वटपौर्णिमा झाली की रोप गाडीत घालून पाचोऱ्याच्या पाहुण्यांना देऊन टाकायचे. अक्काने रोपाला तांब्याभर पाणी घातले.

त्या वर्षी गावच्या वडाला आग्या मोहोळ लागले. पूजेला गेलेल्या बाया पदर सावरत पळत परत आल्या. अक्का ओट्यावर गहू निवडत बसली होती.

"वड त आपल्या घरात बी आहे," ती म्हणाली.

"हा? याचं पान का वाटी?" तोतारामांच्या सुंदरबाई म्हणाल्या.

"वाटी असो का ताट. जीवराम तीन वर्षांपासून सांगू राह्यला, वड आहे, वड आहे."

बायांनी पुन्हा सूत काढले. अकरा बाया माझ्याभोवती फिरल्या. रोपाला सुताचा भार पेलवेना, म्हणून सगळे वेढे माझ्या अंगावर पडले. सात जन्म हाच नवरा मिळू दे, असे त्या एका गळक्या डब्याला सांगत होत्या. मी जमेल तेवढा गंभीर चेहरा ठेवला.

सकाळी नाना मला उचलायला आले.

"हात लावू नका!" कुंदाबाई ओरडल्या. "आमच्या नवऱ्यांचं आयुष्य बांधलं आहे त्याले. सूत आपोआप गळू द्या."

कुंपणावरून तोताराम हळूच म्हणाले, "राहू द्या नाना. माझं बी त्यातच आहे."

त्याच दुपारी अक्का खिळा आणि दगड घेऊन आली. माझ्या बुडाशी, मागच्या बाजूला तिने चार भोके पाडली आणि वर माती ओढली. मला फार दुखले. ती पुटपुटली, "एवढं सोस रे बाबा." मला आजवर कोणी बाबा म्हटले नव्हते. मी नानांचा पक्ष सोडला.

दुसऱ्या पावसाळ्यात सूत कुजून गळाले. नाना आणि तोताराम मला ओढू लागले. मी हललो नाही. त्यांनी जोर लावला, तेव्हा माझी बाजू फाटली आणि नाना मिरचीत बसले.

"अक्का! याच्या मुळ्या जमिनीत गेल्या!"

"हो का?" अक्काने गव्हातून डोके वर केले नाही.

नानांनी माती बाजूला करून पाहिले. "गंजानं अशी गोल भोकं पडतात?"

"चांगला गंज असला त पडतात."

नानांनी हाताची माती झटकली. मग विहिरीवर गेले आणि पहिली बादली त्यांनीच झाडाला घातली.

आता १९६० साल आहे. झाड पन्हळीच्या वर गेले आहे. मी त्याच्या पायाशी अर्धा मातीत आहे, शेळ्यांना आडवा येतो. अक्का दुपारी इथे बसते आणि आल्यागेल्याच्या हातावर पानाच्या वाटीत गूळ ठेवते. मित्रांनो, फुटका डबा टाकून देण्याआधी त्यात मूठभर माती घालून पाहा. आणि रोप लावले असेल तर जागा लवकर ठरवा. प्रत्येक डब्याला अक्का भेटेलच असे नाही.

तोताराम रोज कुंपणावरून पारंब्या पाहतात. अजून एकही आलेली नाही. बेचाळीस वर्षे राहिली, असे ते म्हणतात.